भुसार बाजारातील कर आणि आमच्या कोडवरील कर्ज

पुण्यातील आमची टीम घाऊक व्यापाऱ्यांसाठी बिलिंग आणि मालसाठ्याचे सॉफ्टवेअर तयार करते. आमचे बहुतेक ग्राहक भुसार माल, सुका मेवा आणि किराणा यांचे ठोक विक्रेते आहेत. त्यांत गुलटेकडीच्या मार्केट यार्डातील पेढ्या आहेत, तशाच सोलापूर आणि लातूरकडच्याही आहेत. हे सॉफ्टवेअर मूल्यवर्धित कराच्या काळात जावामध्ये लिहिले गेले, १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर (जीएसटी) लागू झाला तेव्हा थोड्या अवधीत त्याचा करगणनेचा भाग बदलला गेला, आणि त्यानंतर जवळपास प्रत्येक अधिसूचनेबरोबर त्यात काही ना काही भर पडत राहिली. या टीमची तांत्रिक जबाबदारी माझ्याकडे आहे. अजाईल पद्धतीने (छोट्या टप्प्यांत, ग्राहकाला वारंवार दाखवत) काम करणे आणि तांत्रिक कर्ज (कोडमध्ये राहून गेलेल्या, पुढचा प्रत्येक बदल अवघड करणाऱ्या उणिवा) आटोक्यात ठेवणे ही दोन वेगळी कामे नाहीत, हे मी या एका सॉफ्टवेअरवर काम करता करता शिकले, आणि ते कसे, एवढेच येथे नोंदवायचे आहे.

स्क्रम, म्हणजे अजाईल कामाची एक प्रचलित पद्धत, आमच्याकडे आले ते जीएसटीच्या आदल्या वर्षी. दोन आठवड्यांचा स्प्रिंट (कामाचा ठरावीक टप्पा), रोज सकाळचा स्टँडअप (छोटी बैठक), शेवटी डेमो (झालेले काम दाखवणे) आणि रेट्रो (मागच्या कामाचा आढावा) ही घडी लवकर बसली, आणि तिचा लाभ खरा होता. त्याआधी गरजांचा जाडजूड दस्तऐवज तयार करून त्यावर कित्येक महिने काम चाले, आणि अखेरीस असे कळे की पेढीवर भाव क्विंटलचा बोलला जातो, साठा कट्ट्यांत मोजला जातो आणि हमाली नगावर लागते, पण आमच्या पडद्यावर या तिन्हींसाठी एकच परिमाण आहे. दर पंधरवड्याला पेढीवरच्या लोकांसमोर चालते सॉफ्टवेअर ठेवू लागल्यापासून अशा गोष्टी वेळेत कळू लागल्या. एका पेढीचे वयस्कर दिवाणजी डेमो पाहताना म्हणाले होते, “ताई, कट्टा पन्नासचा असतो तसा तीसचाही असतो, तुमच्याकडे तो एकच कसा?” त्या वेळी आम्ही वस्तूच्या नावापुढे वजन लिहिण्याची सोय करून दिली आणि त्यांचे काम भागले. त्या प्रश्नाचे पूर्ण वजन आम्हाला पुढे काही वर्षांनी समजले.

या घडीत एक मोठी गोष्ट राहून गेली होती, आणि ती मी पाहिलेल्या अनेक टीममध्ये राहून गेलेली आहे. स्क्रम ही कामाचे नियोजन आणि तपासणी यांची चौकट आहे. कोड कसा लिहावा आणि त्याच्या चाचण्या कशा असाव्यात याबद्दल ती मुद्दामच काही सांगत नाही. ते सांगणारी पद्धत म्हणजे एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग. केंट बेक यांनी १९९०च्या दशकात क्रायस्लर या मोटार कंपनीच्या पगार-प्रणालीवर काम करताना ती घडवली, आणि स्वयंचलित चाचण्या, बदल सतत एकत्र करत राहणे, जोडीने प्रोग्रॅमिंग करणे आणि रिफॅक्टरिंग (वर्तन न बदलता कोडची रचना सुधारणे) हे तिचे मुख्य आधार आहेत. फेब्रुवारी २००१मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात, स्नोबर्ड येथे, ज्या १७ जणांनी अजाईलचा जाहीरनामा तयार केला त्यांत या दोन्ही परंपरांचे लोक होते, आणि जाहीरनाम्यासोबतच्या १२ तत्त्वांपैकी एक तत्त्व असे आहे की तांत्रिक उत्कृष्टतेकडे आणि चांगल्या रचनेकडे सतत लक्ष दिल्याने चपळता वाढते. हे तत्त्व सर्वांत कमी वाचले जाते असे माझे मत आहे. बैठका सुरू करण्यासाठी वेळापत्रक पुरते. चाचण्या लिहिण्यासाठी मात्र जुना कोड उलगडावा लागतो, म्हणून बैठका लगेच सुरू होतात आणि चाचण्या पुढच्या तिमाहीवर जातात.

त्याचा परिणाम नेहमीच्या आकड्यांत दिसत नाही, ही मला त्यातील सर्वांत धोक्याची बाब वाटते. टीम एखाद्या स्टोरीला (कामाच्या एका छोट्या मागणीला) पॉइंट देते ते त्या वेळच्या कोडमध्ये ते काम किती अवघड आहे हे पाहून. कोड गुंतत गेला की ज्या जातीच्या कामाला पूर्वी ३ पॉइंट दिले जात, त्यालाच ८ दिले जाऊ लागतात, आणि स्प्रिंटच्या शेवटी बेरीज मात्र पूर्वीइतकीच भरते. वेलॉसिटीचा (दर स्प्रिंटला पूर्ण झालेल्या पॉइंटांचा) आलेख स्थिर राहतो, व्यवस्थापनाला सारे सुरळीत वाटते, आणि ग्राहकाला मिळणारे काम मात्र वर्षागणिक कमी होत जाते. म्हणून आम्ही पॉइंटांच्या जोडीला एक साधी नोंद ठेवू लागलो: एकाच जातीचा बदल, उदाहरणार्थ कराचा नवा नियम किंवा नवा रिपोर्ट, मागणी आल्यापासून ग्राहकाच्या संगणकावर पोचेपर्यंत किती काळ घेतो. या नोंदीत रिपोर्टांचा काळ फारसा बदललेला नव्हता. करनियमांचा काळ सतत वाढत होता.

तो का वाढत होता, याचे सोपे उदाहरण ई-वे बिलाचे, म्हणजे माल वाहून नेताना लागणाऱ्या ऑनलाइन दस्तऐवजाचे आहे. राज्याबाहेर जाणाऱ्या मालासाठी १ एप्रिल २०१८पासून ई-वे बिल सक्तीचे झाले, आणि त्याची मुदत अंतरावर ठरत असे: दर १०० किलोमीटर किंवा त्याच्या भागासाठी एक दिवस. १ जानेवारी २०२१पासून हे अंतर २०० किलोमीटर झाले, म्हणजे ३५० किलोमीटरच्या प्रवासाला जेथे पूर्वी चार दिवस मिळत, तेथे दोन मिळू लागले. नियम म्हणून पाहिले तर हा एका आकड्याचा बदल आहे. आमच्या कोडमध्ये मात्र हा शंभराचा आकडा माल रवाना करण्याच्या पडद्यावर, मुदत संपत आल्याची सूचना देणाऱ्या भागात, एका रिपोर्टच्या एसक्यूएल क्वेरीत आणि छपाईच्या टेम्प्लेटमध्ये स्वतंत्रपणे लिहिलेला होता, आणि टक्केवारी काढण्यासाठीही १०० हाच आकडा जागोजागी असल्यामुळे नुसता शोधून बदलणे शक्य नव्हते. हे कर्ज ओळखायला आणि फेडायला सरळ होते. नियम एका ठिकाणी आणला, त्याला लागू होण्याची तारीख जोडली, त्यावर चाचण्या लिहिल्या, आणि काम संपले.

२०२२च्या जुलैमध्ये आलेला बदल वेगळ्या जातीचा होता. तोपर्यंत तांदूळ, गहू, डाळी, पीठ यांवरील ५ टक्के कर मुख्यतः माल नोंदणीकृत ब्रँडच्या नावाने पॅकबंद विकला जातो का, यावर ठरत असे. त्यामुळे आमच्या वस्तूंच्या मास्टरमध्ये (मूळ यादीत) प्रत्येक वस्तूसमोर ‘ब्रँडेड’ अशी हो किंवा नाही ही खूण होती आणि करगणना त्या खुणेवर उभी होती. जून महिन्याच्या अखेरीस चंदीगड येथे झालेल्या जीएसटी परिषदेच्या ४७व्या बैठकीने ब्रँडचा निकष काढून ‘आधीच पॅक केलेला आणि लेबल लावलेला माल’ हा निकष स्वीकारला. अधिसूचना १३ जुलैला निघाली आणि नियम १८ जुलैपासून लागू झाला. धान्य, डाळी आणि पीठ यांच्या बाबतीत हा कर २५ किलोपर्यंतच्या पॅकिंगपुरता होता. म्हणजे लेबल लावलेला २५ किलोचा कट्टा करपात्र आणि ३० किलोचा करमुक्त. पण दहा किलोच्या दहा पिशव्या एका मोठ्या गोणीत घातल्या, तर गोणी १०० किलोची असूनही करपात्र, कारण आतील प्रत्येक पिशवी स्वतंत्र किरकोळ पॅकिंग आहे. सुटा माल मात्र पूर्वीप्रमाणेच करमुक्त राहिला.

आता एकाच तांदळावर, एकाच पेढीत, एकाच दिवशी, तो कोणत्या पॅकिंगमध्ये चालला आहे यावरून कर लागणार किंवा लागणार नव्हता, आणि आमच्या मास्टरमध्ये कराची माहिती वस्तूला चिकटलेली होती. पॅकिंग ही स्वतंत्र गोष्ट तेथे नव्हतीच. ते वस्तूच्या नावाचा भाग होते. १८ तारखेच्या सकाळी पेढ्यांना बरोबर बिल काढता येणे सर्वांत महत्त्वाचे होते, म्हणून आम्ही विचारपूर्वक तात्पुरता मार्ग घेतला: ‘ब्रँडेड’ या खुणेचाच अर्थ ‘करपात्र पॅकिंग’ असा घ्यायचा, आणि पेढ्यांनी एका वस्तूच्या दोन वस्तू करायच्या, एक २५ किलोपर्यंतची आणि एक त्यावरची. त्याच दिवशी बॅकलॉगमध्ये (करायच्या कामांच्या यादीत) एक नोंद केली, ज्यात हा मार्ग का घेतला, त्याने नेमके काय बिघडणार आहे आणि खरी रचना कोणती असावी, हे सर्व लिहिले. या नोंदीला मी फार महत्त्व देते. घाईत घेतलेला मार्ग त्याच दिवशी लिहून ठेवला नाही तर काही महिन्यांनी नवीन सहकाऱ्याला तीच मूळ रचना वाटते, आणि तो तिच्यावर पुढचे मजले चढवतो.

बिघडणार होते ते बिघडले. पन्नास किलोचा कट्टा फोडून पाच-पाच किलोच्या पिशव्या भरल्या की साठा एका वस्तूतून दुसऱ्या वस्तूत हाताने वळता करावा लागे. गोदामात तांदूळ किती आहे, या साध्या प्रश्नाला दोन ओळींची बेरीज करून उत्तर द्यावे लागे. आणि दर महिन्याच्या ताळ्यात दिवाणजींचा अर्धा दिवस त्यातच जाई. कर्जाचे व्याज कोण भरतो, हे मला तेथे दिसले. ते फक्त प्रोग्रॅमर भरत नाही. पेढीवर बसलेला माणूस रोज भरतो, आणि त्याला कारण माहीतही नसते.

वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९२मध्ये गुंतवणुकीच्या व्यवस्थापनाच्या एका सॉफ्टवेअरचा अनुभव मांडताना कर्जाची ही कल्पना प्रथम वापरली. स्नोबर्डच्या १७ जणांत तेही होते. वाईट कोड लिहून नंतर सुधारण्याची मुभा असा तिचा अर्थ आज सर्रास घेतला जातो, परंतु त्यांनी स्वतः नंतर स्पष्ट केले की तसे त्यांना कधीच अभिप्रेत नव्हते. आज जेवढे समजले आहे त्यानुसार नीट कोड लिहून तो लवकर वापरात आणणे हे कर्ज, आणि वापरातून जे नव्याने समजते ते कोडमध्ये उतरवणे ही परतफेड, असा त्यांचा रोख होता. आमची ‘ब्रँडेड’ ही खूण या अर्थाने कर्ज होती. तिच्याभोवतीचा कोड सुवाच्य होता, लहान होता, आणि २०१७च्या नियमाला पूर्णपणे अनुरूप होता; कोड तपासणारे कोणतेही साधन त्यात दोष दाखवू शकले नसते. तरीही वस्तू आणि पॅकिंग या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे पेढीवरच्या प्रत्येकाला ठाऊक असलेले वास्तव त्यात नव्हते. करासारख्या क्षेत्रात काम करणाऱ्या टीमने तर हे विशेष लक्षात ठेवायला हवे, कारण तेथे कोडची एक ओळही न बदलता, केवळ राजपत्रातील एका पानाने, कर्ज वाढते.

परतफेडीचे काम आम्ही नेहमीच्या स्टोरींच्या आतच केले. पहिला प्रश्न सुरक्षिततेचा होता, कारण करगणनेवर चाचण्या जवळजवळ नव्हत्या आणि चाचण्यांशिवाय तो भाग हलवणे म्हणजे पेढ्यांची बिले धोक्यात घालणे होते. ग्राहकांच्या संमतीने, नावे आणि जीएसटी क्रमांक काढून टाकून, आम्ही जुन्या बिलांचा मोठा संच घेतला, त्यातील प्रत्येक बिल आजच्या कोडमधून पुन्हा काढले आणि जे उत्तर आले ते जसेच्या तसे जपून ठेवले. अशा चाचण्या उत्तर बरोबर आहे की नाही हे सांगत नाहीत. उत्तर बदलले, एवढेच सांगतात. पण जुन्या कोडमध्ये हात घालताना तेवढीच माहिती सर्वांत मोलाची असते. त्यानंतर करगणनेसमोर एकच दार ठेवले, त्यामागे जुनी आणि नवी अशा दोन्ही पद्धती चालवल्या, ग्राहकाला उत्तर जुन्याचे दिले आणि दोन्हींत फरक आला की त्याची नोंद केली.

या नोंदींमध्ये मोठे फरक थोडे निघाले आणि पैशांचे पुष्कळ. त्यांचे एक कारण असे: राज्यांतर्गत विक्रीत ५ टक्के कर अडीच-अडीच टक्क्यांच्या दोन भागांत, केंद्राचा आणि राज्याचा, दाखवावा लागतो. करपात्र रक्कम ३३३.३० रुपये असेल तर अडीच टक्के ८.३३२५ रुपये होतात. दोन्ही भाग वेगवेगळे पूर्णांकित केले तर ८.३३ आणि ८.३३ मिळून १६.६६ रुपये येतात, पण ५ टक्के एकत्र काढून पूर्णांकित केले तर १६.६७. जुन्या कोडमध्ये बिलाच्या पडद्यावर एक रीत होती आणि महिन्याच्या रिपोर्टमध्ये दुसरी, आणि ताळ्यात दरमहा येणाऱ्या किरकोळ फरकाचे मूळ तेथे होते. काही रकमा जावातील डबल प्रकारात ठेवलेल्या होत्या, ज्यात ०.१ सारखी साधी दशांश संख्याही नेमकी मावत नाही. त्या सर्व दशांश संख्या नेमक्या ठेवणाऱ्या बिगडेसिमल प्रकारात आणल्या. यातील कोणती रीत ठेवायची, हा निर्णय मात्र आम्ही घेतला नाही. फरकांची यादी घेऊन एका सनदी लेखापालांकडे आणि दोन पेढ्यांच्या दिवाणजींकडे गेलो, त्यांनी सांगितलेली रीत शब्दांत लिहिली, आणि तीच चाचणीचे नाव झाली.

काही टीम अधूनमधून एक संपूर्ण स्प्रिंट फक्त रिफॅक्टरिंगसाठी राखून ठेवतात. मला तो मार्ग पटत नाही. असा स्प्रिंट ग्राहकाला काहीच दाखवू शकत नाही, म्हणून निकड आली की तो सर्वांत आधी रद्द होतो. आणि तो मिळालाच तर प्रोग्रॅमर त्याला खटकणारा कोड सुधारतो, जो बदलण्याची गरज असलेला कोड असेलच असे नाही. त्याऐवजी आम्ही गिटचा, म्हणजे कोडमधील प्रत्येक बदल नोंदवणाऱ्या साधनाचा, इतिहास पाहिला. गेल्या काही वर्षांत कोणत्या फाइल वारंवार बदलल्या, आणि बग दुरुस्त करताना कोणत्या फाइल पुन्हा पुन्हा उघडल्या, हे दोन्ही एकत्र मांडले, तेव्हा करगणना, वस्तूंचा मास्टर आणि साठ्याची नोंद या मोजक्या फाइलींमध्येच बहुतेक हालचाल असल्याचे दिसले. परतफेड तेथेच केली. ठिपक्यांच्या प्रिंटरवर छापील कोऱ्या बिलांत मजकूर बसवणारा आमचा भाग वाचायला त्याहून कितीतरी अवघड आहे, त्यावर एकही चाचणी नाही, आणि टीममधील तरुण सहकाऱ्यांना तो पुन्हा लिहायचा आहे. पण त्यात वर्षानुवर्षे बदल लागलेला नाही, आणि लागत नाही तोवर मी त्याला हात लावू देणार नाही. ज्या कर्जावर व्याज नाही, त्यावर वेळ खर्च करणे हे ग्राहकाच्या पैशाचा अपव्यय आहे, असे मला वाटते.

व्यवस्थापनाची संमती मिळणे हा बहुतेकांना अवघड भाग वाटतो. आमच्या प्रॉडक्ट ओनर, म्हणजे कोणते काम आधी करायचे हे ठरवणाऱ्या सहकारी, पूर्वी हिशेबाचे काम करत असत. त्यांनी एकदा मला सरळ सांगितले, “मला क्लास आणि मेथड सांगू नका, पुढची अधिसूचना आली तर तुम्हाला किती दिवस लागतील, ते सांगा.” तेव्हापासून कर्जाची प्रत्येक नोंद याच भाषेत लिहिली जाते: या गोष्टीमुळे कोणता बदल अडतो, पेढीवर आज कोणाचा वेळ जातो, आणि हा भाग पुढे केव्हा उघडावा लागेल. अशा नोंदीला बॅकलॉगमध्ये वेगळी रांग लागत नाही. त्या भागाची पुढची स्टोरी आली की तिच्याच अंदाजात ती धरली जाते. आणि स्टोरी पूर्ण झाली असे म्हणण्यासाठी तिच्या चाचण्या असल्या पाहिजेत, हा नियम डिलिव्हरीची तारीख कितीही जवळ असली तरी आम्ही सोडत नाही. नियमाला अपवाद करायचा असेल तर तो जुलै २०२२प्रमाणे, कारण आणि परतफेडीची योजना लिहूनच केला जातो.

वस्तू, पॅकिंग आणि कराचा दर या तीन गोष्टी आता स्वतंत्र आहेत, आणि प्रत्येक दराला तो कधीपासून कधीपर्यंत लागू आहे याच्या तारखा आहेत. २२ सप्टेंबर २०२५पासून जीएसटीचे दर मोठ्या प्रमाणावर बदलले, १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे बहुतांशी गेले, तूप आणि बदाम १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आले, तेव्हा आमच्या ग्राहकांचे बहुतेक काम मास्टरमध्ये नवे दर आणि तारीख भरण्याचे होते. त्या बदलात खरी कसोटी परत आलेल्या मालाची होती: २२ तारखेपूर्वी १२ टक्क्यांनी विकलेले तूप नंतर परत आले तर क्रेडिट नोट १२ टक्क्यांचीच निघायला हवी, कारण ती मूळ विक्रीला जोडलेली असते. तारखांची रचना असल्यामुळे ते आपोआप झाले, आणि त्याची चाचणी आम्ही परिषदेच्या ३ सप्टेंबरच्या निर्णयानंतर लगेच लिहून ठेवली होती.

ज्या पेढ्यांनी २०२२मध्ये एका वस्तूच्या दोन वस्तू केल्या, त्यांचा जुना साठा पुन्हा एकत्र आणण्याचे काम मात्र अजून चालू आहे. प्रत्येक पेढीने नावे आपापल्या पद्धतीने पाडली होती, त्यामुळे कोणत्या दोन ओळी मुळात एकच माल आहेत, हे कोडने ठरवणे सुरक्षित नाही. आम्ही संभाव्य जोड्यांची यादी काढून देतो, दिवाणजी ती पाहून मान्यता देतात, आणि मग त्या पेढीचे स्थलांतर होते. तेवढ्या पेढ्यांसाठी ‘ब्रँडेड’ ही खूण वाचणारा जुना कोड चाचण्यांसह ठेवावा लागला आहे. शेवटची पेढी नव्या मास्टरवर आल्यानंतर ती खूण डेटाबेसमधून काढून टाकण्याची स्टोरी बॅकलॉगमध्ये लिहिलेली आहे, आणि तिच्यासमोर कोणत्या पेढ्या राहिल्या त्यांची नावे दर स्प्रिंटला एकेक करून कमी होत आहेत.